साहेबाचं टेबल आणि गावाची पत्रावळ: चांद्याच्या जंगलातल्या दोन जेवणांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जास्त झालेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय जेवणाचा, पण रेसिपीचा नाही. जंगलात, उघड्यावर बसून मांस किंवा मासे रांधायचे आणि खायचे, याचा इतिहास. ताडोबाच्या आसपासच्या रिसॉर्टमध्ये आज संध्याकाळी हिरवळीवर टेबलं लागतात, शेगडीवर चिकन भाजत असतं, कंदील टांगलेले असतात. आपल्याला वाटतं ही पर्यटनाची नवी फॅशन आहे. पण याच जंगलात दीडशे वर्षांपूर्वीही झाडाखाली टेबल मांडलं जायचं. आणि त्याच काळात, तिथून हाकेच्या अंतरावर, टेबलाशिवाय एक दुसरं जेवण चालू असायचं. पहिल्या जेवणाबद्दल लिहिलं गेलं भरपूर, कारण जेवणाऱ्यांना डायरी लिहायची सवय होती. दुसऱ्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं.

ही दोन जेवणं शेजारी शेजारी ठेवली की एक प्रश्न समोर येतो. जंगलातलं मांस आणि मासे कुणी खायचे हे कुणी ठरवलं? आजचा भाग त्या प्रश्नाचा आहे.

आधी जागा समजून घेऊ

आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे मिळून पूर्वी एकच ‘चांदा’ जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर, १८५४ मध्ये, चांदा इंग्रजांकडे आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा त्यात गेला. दक्षिणेकडचा सिरोंचाचा भाग १८७४ मध्ये त्याला जोडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जिल्ह्याचा पसारा सुमारे दहा हजार चौरस मैल होता. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या, मध्ये साग, बांबू, मोह, पळस, आणि गावं विरळ.

एवढ्या मोठ्या जिल्ह्याचा कारभार कचेरीत बसून होणं शक्य नव्हतं. म्हणून पावसाळा संपला, वाटा वाळल्या, की साहेब लोक दौऱ्यावर निघायचे. थंडीचे चार-पाच महिने मुक्काम तंबूत. जमीनमोजणी, तक्रारी, जंगलाची पाहणी सगळं तिथेच. आणि अर्थातच जेवणही तिथेच.

टेबल जंगलात कसं आलं

आता बघा, जंगलात टेबल न्यायचं म्हणजे ते मोडून नेता आलं पाहिजे. त्यामुळे इंग्रजी फौजेसाठी आणि दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी खास सामान बनायचं. पाय स्क्रूनं काढता येणारं टेबल, घडीची खाट, पितळी कोपरे लावलेली दोन भागांची कपाटं. यातली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे रुरकी खुर्ची. रुरकीला बंगाल सॅपर्स अँड मायनर्स हे फौजेतलं इंजिनिअरांचं दल होतं, त्या ठिकाणाच्या नावावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती ओळखली जाऊ लागली. तिला खिळा नाही, सरस नाही. लाकडी दांडे एकमेकांत खुपसायचे आणि कॅनव्हास ताणून बसवायचा. सांधे थोडे हलते असल्यामुळे उंचसखल जमिनीवरही तिचे चारही पाय टेकतात. पुढे १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंट या डिझायनरनं तिच्यावरूनच आपली प्रसिद्ध सफारी खुर्ची बनवली.

मुक्काम हलवायची पद्धतही ठरलेली होती. सामानाचे दोन संच असायचे. साहेब एका मुक्कामी रात्रीचं जेवत असताना दुसरा संच बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामाकडे निघालेला असायचा. सकाळी साहेब घोड्यावरून तिथे पोचले की तंबू उभा, टेबलावर चादर आणि नाश्ता तयार. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ मध्ये हिंदुस्थानातल्या इंग्रज गृहिणींसाठी जे जाडजूड पुस्तक काढलं, त्यात दौऱ्यावरच्या संसाराबद्दल वेगळ्या सूचना आहेत. त्याच्या दहा वर्षं आधी, १८७८ मध्ये, कर्नल केनी-हर्बर्ट यांचं मद्रासच्या स्वयंपाकाबद्दलचं पुस्तक आलं. त्यांनीही तंबूतल्या स्वयंपाकाचा स्वतंत्र विचार केलाय. म्हणजे उघड्यावरचं जेवण ही त्यांच्यासाठी सहल नव्हती, ती नोकरीचा भाग होती. मात्र त्या नोकरीत घरचं सगळं तसंच्या तसं हवं होतं. सूप, मग भाजलेलं मांस, मग पुडिंग.

हे सगळं करणारा असायचा खानसामा. त्याच्याकडे ओव्हन नाही. जमिनीत चर खणायचा, दगड रचायचे, त्यावर डेगच्या. भाजायचं असेल तर भांड्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. आपल्याकडे आजही दमासाठी असंच करतात. बर्फ नाही, त्यामुळे मांस किती टिकेल हे हवेवर. डिसेंबरच्या थंडीत सांबराचं मांस रात्रभर झाडाला टांगून ठेवता यायचं, मार्चमध्ये त्याच दिवशी संपवावं लागायचं. खानसामे आणि शिकारी पुष्कळदा मुसलमान असत. मग जनावर पडल्याबरोबर कुणीतरी सुरी घेऊन धावायचं, जीव जायच्या आत हलाल करायला. नाहीतर ज्यानं रांधायचं त्यालाच ते खाता यायचं नाही. त्या काळच्या शिकारकथांमध्ये ही धावपळ वारंवार येते.

शिकार मिळाली नाही तर? तर कोंबडी. डाकबंगल्यांवरच्या कोंबडीला इंग्रजांनी एक टोपणनाव दिलं होतं: ‘अकस्मात मृत्यू’. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे. पाहुणा आवारात शिरला की अंगणातली कोंबडी पकडायची. त्याची अंघोळ होऊन कपडे घालेपर्यंत ती टेबलावर हजर.

विनोद चांगला आहे. पण ही कोंबडी कुणाच्या अंगणातली? इथे टेबलाची दुसरी बाजू सुरू होते. दौऱ्यावरच्या लवाजम्याला लागणारं दूध, अंडी, कोंबड्या, सरपण, वैरण हे सगळं वाटेवरच्या गावांनी पुरवायचं असे. त्याला शब्द होता रसद. आणि सामान वाहायला, पाणी भरायला, रान उठवायला माणसं द्यायची ती बेगार. कागदावर याचे पैसे मिळायचे. हातात किती पडायचे ते मधल्या शिपायावर अवलंबून. देशभर या रसद-बेगारीविरुद्ध तक्रारी झाल्या, पुढे आंदोलनं झाली. झाडाखालच्या त्या टेबलावरची चादर पांढरीशुभ्र असायची, कारण तिच्यामागे अख्खं गाव राबत असायचं.

टेबलाशिवायचं जेवण

आता हाकेच्या अंतरावर जाऊ.

गोंड आणि माडिया गावांमध्ये उघड्यावर जेवणं हे काही विशेष नव्हतंच. शेतात, नदीकाठी, पारधीला गेलं की तिथेच चूल. ताट म्हणजे पळसाची पानं, बांबूच्या बारीक काडीनं टाचलेली. रस्सा असेल तर त्याच पानाचा द्रोण. रुरकी खुर्चीनं उंचसखल जमिनीचा प्रश्न सोडवला म्हणून तिचं आपण कौतुक केलं ना, पत्रावळीला तो प्रश्न पडलाच नव्हता. जमीन जशी असेल तशी ती टेकते. आणि जेवण झालं की धुवायची नाही, वाहून न्यायची नाही. गुरं खातील किंवा माती होईल.

रांधण्याची भांडीही जंगलातच उगवत. मासे मोठ्या पानांत गुंडाळायचे, वेलीच्या सालीनं बांधायचे आणि निखाऱ्यात ठेवायचे. बाहेरची पानं जळतात, आतला मासा आपल्याच पाण्यात शिजतो. हीच युक्ती रायगडकडच्या पोपटीत आहे, फक्त तिथे मडकं आणि भांबुर्ड्याचा पाला. मरळसारखा बुळबुळीत मासा साफ करायचा तर हाताला चुलीतली राख लावायची, म्हणजे निसटत नाही. आंबटपणाला चिंच नाहीतर अंबाडी. सोबत भात किंवा पेज, कारण हा भाग धानाचा.

खरी अडचण असायची मिठाची. मीठ या जंगलात पिकत नाही. बंजाऱ्यांचे तांडे ते बैलांच्या पाठीवर लादून आणत. गोदावरीतून बोटी चालवून किनाऱ्यावरचं मीठ वर आणायचं आणि इकडचा कापूस खाली न्यायचा, अशी मोठी योजना इंग्रजांनी १८६० च्या दशकात सिरोंच्याच्या बाजूनं हाती घेतली होती. खडकांनी तिला दाद दिली नाही आणि १८७१ मध्ये ती सोडून द्यावी लागली. मीठ महाग, म्हणून खारवण्यापेक्षा धुरावर सुकवणं जास्त. चुलीच्या वर बांबूची मांडणी, तिच्यावर मासे, मांसाच्या पट्ट्या. खाली रोजचा स्वयंपाक चालू, वर आपोआप पावसाळ्याची बेगमी होतेय. आज महागड्या हॉटेलात ‘स्मोक्ड’ म्हणून जे मिळतं ते हेच.

आणि एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटा. पारध ही एकट्याची नसायची. माडियांच्या सणांना पंडुम म्हणतात. नवं धान्य, नवं फळ खाण्याआधी गावानं मिळून पंडुम करायचा. बियाणं पेरण्याआधीच्या पंडुमला सामुदायिक पारधीची जोड असे. मिळालेलं मांस गावात वाटलं जायचं. रान कुणी उठवलं, बाण कुणाचा लागला, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, हे सगळं वाट्यात धरलं जायचं. साहेबाच्या जेवणात सगळं गाव राबायचं आणि टेबलावर दोन माणसं बसायची. इथे राबणारे आणि जेवणारे तेच.

मी याला सुवर्णयुग म्हणत नाहीये हं. उपासमार होती, हिवताप होता, दुष्काळ होते. पण ताटात काय पडेल हे ठरवणारी माणसं ताटासमोरच बसलेली होती. एवढाच मुद्दा.

मग कायदा आला

१८६५ चा वन कायदा आणि त्याहून कडक १८७८ चा. या दुसऱ्या कायद्यानं सरकारी जंगलाचे वर्ग पाडले. ‘राखीव’ वर्गात गावाचा हक्क जवळपास संपतो, जे मिळेल ती सवलत. १९२७ चा भारतीय वन कायदा तर आजही लागू आहे. त्याचं कलम २६ वाचण्यासारखं आहे. राखीव जंगलात काय केलं की गुन्हा होतो त्याची ती यादी आहे. आग लावणं, झाड तोडणं, गुरं घालणं. आणि त्याच यादीत, नियम मोडून शिकार करणं, गोळी झाडणं, मासे पकडणं, पाण्यात विष कालवणं, सापळे लावणं.

मासे पकडणं! नदी तीच, डोह तोच, गळ तोच. फक्त डोहाभोवतीचं जंगल राखीव झालं आणि दुपारचं कालवण नियमाच्या कक्षेत आलं.

एक फरक सांगायला हवा. चांद्याचं सगळं जंगल सरकारी नव्हतं. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या, तिथली व्यवस्था वेगळी होती. १९५१ नंतर जमीनदाऱ्या गेल्या आणि तीही जंगलं सरकारकडे आली. म्हणजे काही गावांसाठी वन खातं हे इंग्रजांच्या काळात आलं आणि काहींसाठी स्वातंत्र्यानंतर.

पण शिकार तर चालूच होती ना? होती. परवान्यावर. जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असायचे. अर्ज करायचा, फी भरायची, विश्रामगृह मिळवायचं, ठरलेली जनावरं मारायची. ज्याच्याकडे बंदूक, परवाना आणि पंधरा दिवसांची रजा आहे त्याच्यासाठी ती ‘शिकार’. ज्याच्याकडे धनुष्य आणि जाळं आहे त्याच्यासाठी ती ‘चोरटी शिकार’. मांस एकाच जनावराचं. टेबलावर आलं तर खेळ, पत्रावळीवर आलं तर गुन्हा.

ताडोबाच्या जंगलात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, ११६ चौरस किलोमीटरचं. पण ते एक बेट होतं. बाहेर शिकार जोरात चालू होती, उलट स्वातंत्र्यानंतर तिचा धंदा झाला. परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातली एक नागपूरची, अ‍ॅल्विन कूपर. ती सुरू करणारे विद्याचरण शुक्ल पुढे केंद्रात मंत्री झाले. डॉलर देणाऱ्या पाहुण्याला वाघाच्या जोडीला तंबू, खानसामा, घडीचं टेबल, सगळं लागायचं. साहेब गेले, पण त्यांचं टेबल गेलं नाही.

वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० मध्ये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्या मूळ कायद्यातही काही जनावरांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं काढून टाकली. तेव्हा कुठे टेबलावरची शिकार खऱ्या अर्थानं संपली.

आता हे सन एका ओळीत लावा. १८७८, १९२७, १९७०, १९९१. जंगलातलं मांस सगळ्यात आधी बंद झालं ते जंगलातच राहणाऱ्यांसाठी. बाहेरून येऊन खाणाऱ्यांसाठी ते बंद व्हायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं लागली. आणि या मधल्या काळातच जनावरं संपत आली. शिकारबंदी हवी होती की नको, हा माझा प्रश्न नाही. हवीच होती, ती नसती तर आज ताडोबात बघायला काही उरलं नसतं. माझं म्हणणं एवढंच की बिल ज्याच्या नावावर फाडलं गेलं, जेवण त्याचं नव्हतं.

आणि मासे?

मांसाची गोष्ट इथे संपते. माशांची नाही, आणि मला या भागात खरं तर इथवर यायचं होतं.

पूर्व विदर्भाला तलावांचा प्रदेश म्हणतात. गोंड राजांनी धोरण ठेवलं होतं की जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन द्यायची. अशा जमिनीला चांद्याकडे तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या तुकूम भागातून रोज जाणाऱ्यांनी हे नाव पुन्हा एकदा ऐकून बघा! तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव मोठं. पाणी मुख्यतः धानासाठी, आणि पाणी आलं की मासे आले. ते पकडण्याचं कौशल्य ढिवर समाजाचं. कुठल्या महिन्यात कुठला मासा कुठे असतो, कुठल्या जाळ्याचा डोळा केवढा हवा, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान. उन्हाळ्यात तलाव आटत आले की अख्खं गाव पाण्यात उतरायचं. मरळ, शिंगी, झिंगे, जे मिळेल ते.

इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या नावावर होते, पण गावाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात नोंदलेले असत. मग आला १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा. तेव्हा चांदा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि त्यांना नाव पडलं ‘माजी मालगुजारी तलाव’. आपल्या लोकांनी त्याचं लाडकं रूप केलं: मामा तलाव. नाव लाडकं, पण मामा आता कुणाचा हेच कळेना. पाणी एका खात्याचं, मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याकडून, गाळ काढायचा तर तिसरी मंजुरी. ढिवरांच्या सहकारी संस्था ठेक्यावर तलाव घेऊ लागल्या, आणि ठेक्याची रक्कम भरून काढायची तर भराभर वाढणारं रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडणं आलं. गावच्या पाण्यातले मूळचे छोटे मासे मागे पडले.

जंगलातल्या नदीनाल्यांची गोष्ट याहून वेगळी. तिथे कलम २६ होतंच.

यात बदल झाला २००६ च्या वन हक्क कायद्यानं. आपण बहुतेकांनी त्याबद्दल ऐकलंय ते जमिनीच्या पट्ट्यांसंदर्भात, आणि गडचिरोलीत बांबू आणि तेंदूपत्त्यासंदर्भात. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. १९८० च्या दशकापासून देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत या गावानं ग्रामसभा आणि अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमतानं नाही तर सर्वसहमतीनं घेतले. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वन हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या गावांना मिळाला त्यातलं हे एक. तरीही बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना मिळायला २०११ साल उजाडलं. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये, सामूहिक हक्कांच्या यादीत, एक छोटीशी ओळ आहे. पाणवठ्यांमधले मासे आणि इतर उत्पादनं. बस्स, तेवढीच. म्हणजे जे मासे १९२७ च्या कायद्यानं गुन्ह्यांच्या यादीत टाकले होते, ते ऐंशी वर्षांनी हक्कांच्या यादीत आले. आणि त्याच कलमात थोडं पुढे स्पष्ट लिहिलंय की वन्यप्राण्यांची शिकार हा पारंपरिक हक्क असला तरी तो यात धरलेला नाही. पत्रावळीवरचं मांस गेलं ते गेलं. मासा परत आला.

तुम्ही म्हणाल, एका ओळीनं काय होतं? बांबूचं उदाहरण घ्या. बांबूबद्दलही कायद्यात आधी ओळच होती. ती वाचून, धरून बसून, अर्ज करून, परवाना हातात येईपर्यंत लढणारं गाव लागलं, तेव्हा ती ओळ पैशात आणि कामात उतरली. माशाच्या ओळीचं तेवढं झालेलं नाही. बांबू आणि तेंदू विकता येतात, लिलाव होतो, आकडे येतात, बातमी होते. मासा बहुतेक वेळा घरी खाल्ला जातो किंवा आठवडी बाजारात वाट्यांनी विकला जातो. ज्याचा लिलाव होत नाही त्याची बातमी होत नाही. पण पोटाच्या हिशेबानं बघितलं तर जंगलाच्या गावात मासा हा रोजच्या जेवणातला कस आहे. डाळ विकत आणावी लागते. मासा डोहात असतो, डोह शाबूत असेल तर.

आणि ‘डोह शाबूत असेल तर’ यातच पुढचं सगळं काम आहे. हक्क मिळाला म्हणजे पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून एका दुपारी डोह रिकामा करायचा हक्क मिळाला असं नाही. त्याच कायद्याचं कलम ५ ग्रामसभेवर पाणी आणि जैवविविधता जपण्याची जबाबदारी टाकतं. विणीच्या दिवसांत कुठला डोह बंद ठेवायचा, जाळ्याचा डोळा किती ठेवायचा, हे ठरवायचा अधिकारही मग गावाकडेच येतो. पूर्वी पंडुम होईपर्यंत नवं फळ खायचं नाही असा नियम गावानं स्वतःसाठी केला होताच की. नियम करणं या गावांना नवं नाही. नियम दुसऱ्या कुणीतरी करणं, ते मधल्या दीडशे वर्षांतलं.

आजचं टेबल

शेवटी पुन्हा टेबलाकडे. बाग आणि पर्यटनस्थळांवर आपण जे टेबल बघतो, दोन्ही बाजूंना बाक जोडलेलं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेटंट होत होत आजच्या रूपाला आलं. आपल्याकडे ते बहुतेक सिमेंटमध्ये भेटतं, वरून ओंडक्यासारखे तपकिरी रंग आणि सालीच्या रेघा काढलेलं. आलापल्लीच्या सागासाठी ओळखल्या जाणाऱ्या मुलखात लाकडाचं सोंग घेतलेलं सिमेंट बघून हसू येतं, पण ते ठीक आहे. पाऊस आणि वाळवी दोन्हीला पुरून उरतं.

पत्रावळीचीही एक गंमत झालीय. मधल्या काळात लग्नाकार्यात थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटांनी तिला हाकलून दिलं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली आणि पानांची ताटं ‘इको-फ्रेंडली’ म्हणून शहरातल्या दुकानांत दिसायला लागली. पॅकिंगमध्ये, बारकोडसकट. पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. त्या तिन्ही पानांना आता भाव आलाय.

तेव्हा पुढच्या वेळी ताडोब्याला किंवा भामरागडकडे गेलात आणि उघड्यावर जेवायला बसलात, तर ताटातल्या कोंबडीबद्दल किंवा माशाबद्दल एक चौकशी जरूर करा. हा कुठल्या तलावातला? कुणी पकडला? ठेका कुणाचा? उत्तरात गावाचं, ग्रामसभेचं किंवा ढिवरांच्या संस्थेचं नाव आलं तर बरं समजा. परराज्यातून बर्फात येतो असं उत्तर आलं, आणि शेजारीच पाण्यानं भरलेला मामा तलाव दिसत असेल, तर टेबल बदललं असलं तरी बसण्याची व्यवस्था अजून जुनीच आहे असं धरून चाला.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या भागात उघड्यावर मासे किंवा मांस रांधायची काही वेगळी पद्धत असेल, त्यासाठी तुमच्या बोलीत वेगळा शब्द असेल, तर नक्की कळवा. मी ते जमवतोय, त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. पुढच्या भागात मिठाच्या वाटांवर बोलू: बंजाऱ्यांचे तांडे समुद्राचं मीठ या जंगलापर्यंत कसं आणायचे. तोवर, नमस्कार!